पायलीला पायली

९ मे १९६०

पिरंगुटला एसटीतून उतरले. तिथून घोटावड्यावरून रिह्याच्या खोऱ्यात चालत. ट्रंक उद्या बैलगाडीने येईल. ही वही पिशवीत होती, म्हणून लिहिता येते आहे.

मुक्काम कुशाबांच्या पडवीत. ते वाडीचे पंच. त्यांनी विचारले, "बाई, तुमी मास्तरीण का नर्स?"

मी सांगितले, पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. सरकारने नेमलेल्या एका समितीसाठी खेड्यातल्या पतपुरवठ्याची पाहणी करायला आले आहे. डिसेंबरपर्यंत येऊन-जाऊन राहीन.

"म्हंजे आमाला पैसं कुटनं मिळत्यात त्ये बघायला?"

"हो."

"घावलं की आमास्नी बी सांगा."

तीन वर्षे वर्गात शिकवत आले की मध्यवर्ती बँकेचा दर ही देशाची नाडी. दर वाढला की कर्ज महाग, खरेदी कमी, भाव खाली. फळ्यावर बाण काढते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, हा बाण पुण्याच्या पुढे किती मैल जातो?" वर्ग हसला.  त्याच आठवड्यात पाहणीसाठी अर्ज केला.

१० मे

सापडले! पहिल्याच दिवशी!

भैरोबाच्या देवळाला लागून एक खोली आहे. आत माझ्या दीडपट उंचीची कणगी, शेणामातीने लिंपलेली, बियाण्याच्या भाताने भरलेली. ज्या घराचे बी किडले, संपले किंवा पोटात गेले, ते घर मे महिन्यात इथून बी घेते आणि कापणीनंतर परत करते. वाडीची बेचाळीस घरे. कणगी आटली तर निम्म्या खाचरांत पेरणी नाही, असे कुशाबा म्हणाले. "ही आमची ब्यांक," हेही तेच म्हणाले. मी शब्द सुचवला नव्हता.

बँक सांभाळतात सगुणाबाई. साठीच्या, विधवा, आवाज खणखणीत. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई सांभाळत. वही नाही. कोणी किती नेले, तोंडपाठ.

आज त्यांना माप घालताना पाहिले. लाकडी पायली, काठाला पितळी पट्टी. ती भरतात, मग तळहात काठावरून असा सफाईने फिरवतात की वरचा प्रत्येक दाणा कणगीत परत जातो. सपाट, पाण्यासारखे. पाहत राहावे असे काम.

मी विचारले, "व्याज किती?"

"कसलं व्याज?"

"एक पायली नेली तर परत किती आणायची?"

"पायलीला पायली."

आणखी तिघांना वेगवेगळे गाठून विचारले. तिघांचे उत्तर एकच. पायलीला पायली.

व्याजाचा दर शून्य. दोनदा अधोरेखित करते.

१४ मे

चार दिवस डोके जागेवर नाही. दर शून्य, तारण शून्य, कागद शून्य, तरी बँक चालते आहे. पुस्तकांप्रमाणे फुकट कर्जाला मागणी अमर्याद हवी. इथे नाही. कारण कर्जवाटप सगुणाबाईंच्या हातात आहे. आज वाडीतल्या नथूला त्यांनी परत पाठवले.

"तुज्या घरात बी हाय."

"न्हाई ओ, काकी."

"तुज्या आयच्या जुन्या रांजनात हाय. झाकणावर दगूड ठिवलाया."

नथू हसला आणि गेला. रांजणावर खरेच दगड आहे का, हे मी जाऊन पाहिले. आहे. रिझर्व्ह किती, कुणाकडे, हे इतके नेमके कोणत्या बँकेला माहीत असेल?

घाई करते आहे का मी? चार दिवसांत सिद्धान्त होत नाही. पण पाहिले ते पाहिले.

२३ मे

सगुणाबाईंनी आज मलाच विचारले, "तुमची ती मोठी ब्यांक काय करतीया?"

सांगितले. सगळ्या बँकांची बँक. पैसा फार झाला की व्याज चढवते, कमी पडला की उतरवते.

"आन त्यास्नी कसं कळतंया, फार झाला का कमी?"

"आकडे येतात. दर आठवड्याला."

"कुटं?"

"मुंबईत."

त्या भात पाखडत होत्या. पाखडून झाल्यावर म्हणाल्या, "आन पाऊस हितं."

कुशाबा इतके हसले की पान ठसक्याने बाहेर आले.

आज वाटप संपले. तीनशे वीस पायल्या. मोठ्या कणगीचा तळ लागला. कोपऱ्यात एक लहान कणगी आहे, तिला कोणी हात लावला नाही.

४ जुलै

कॉलेजातून दोन दिवसांची सुटी काढून आले. गुडघाभर चिखल. लावणी चालू.

डोंगरावर सहा झोपड्या आहेत. जमीन नाही. माणसे वाडीत मजुरीला येतात, करवंदे, लाकूड विकतात. त्यांतली पारू आज आली होती. मी सकाळी खोलीत माझे तक्ते मांडून बसले तेव्हा ती बाहेर, वळचणीखाली होती. दुपारी जेवून परत आले तेव्हाही तिथेच. सगुणाबाईंनी मग लहान कणगीतून दोन पायल्या काढून दाराबाहेर तिच्या ओच्यात ओतल्या. आखाडात मजुरीचे दाणे पुरत नाहीत, त्याचे हे. परत करायचे नसते.

"हे भात कुठले?" मी विचारले.

"शिगंतलं."

म्हणजे वरकड असावे. कोणीतरी देवाला वाहिलेले. नोंद केली: दानाचा साठा, मुख्य व्यवहाराशी संबंध नाही.

पारूचा संयम लक्षात राहिला. सहा तास बसली, एकदाही हाक मारली नाही. ज्या संस्थेवर माणसांचा असा विश्वास, तिला तारण कशाला हवे? हे पाहणीवरच्या निबंधात घालते.

९ ऑगस्ट

पुण्याला निबंधाचा खर्डा समितीवर असलेल्या आमच्या सरांना दिला होता. आज त्यांचे पत्र. मी ते चालता चालता वाचले आणि बांधावरून घसरले.

समितीला निबंध आवडला. "बिनव्याजी ग्रामीण पेढी" हे नाव त्यांनीच दिले. १९ डिसेंबरला मुंबईत, मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर, मी वाचायचा. सर लिहितात, बँकेच्या संशोधन खात्यात एक जागा निघते आहे, तिथे आजवर बाई नाही, डोळे उघडे ठेवून तयारी कर.

एकच उणीव त्यांनी दाखवली. माप. पायली म्हणजे नेमके किती? आकडा नसेल तर शास्त्र नाही. बरोबर आहे. मीच उत्तरात सुचवते की कणगीला काटा द्यावा. नाहीतरी किलो सक्तीचे होणारच आहेत. समिती काटा पाठवील.

वर्गातल्या त्या मुलीला आता सांगता येईल. बाण इथवर येत नाही, कारण इथे दुसरे धनुष्य आहे. (हे निबंधात घालायचे नाही.)

१४ नोव्हेंबर

काटा आला! लोखंडी, दोन ताटल्यांचा, वजनांची पेटी वेगळी. पिरंगुटहून पारूच्या नवऱ्याने, धाकलूने, डोक्यावर आणला. मी त्याला रुपया दिला. तो म्हणाला, "येवड्या वज्जनाचं, आन ह्ये दुसऱ्याचं वज्जन बघनार!"

मेमधले सुके भात तळाशी थोडे राहिले होते, त्याची सपाट पायली सगुणाबाईंकडून भरून घेतली आणि तोलली. सव्वादोन किलो. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिले: नेलेली एक पायली, परत सव्वादोन किलो. कमी नाही, जास्त नाही. खोलीच्या भिंतीला चिकटवला. कुशाबांनी सगळ्यांना वाचून दाखवला.

"आन्याचं पैसं झालं," ते म्हणाले. "आता शेराचं किलू. उद्या बायकूचं काय करत्यात बघू."

रंभाबाई, त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "बदलून घ्या. काटा बी न्या संगं."

सगुणाबाईंनी विचारले, "सव्वादोनच?"

"तितकेच. एक ग्रॅमही कमी चालणार नाही."

"मी कमीचं न्हाई इचारलं," त्या म्हणाल्या, आणि पायली पालथी घालून ठेवली.

२१ नोव्हेंबर

परतफेड सुरू. नवे भात, ओलसर, वास असा की जेवण आठवते. मी काट्याशी, सगुणाबाई भिंतीला टेकून, हात मांडीवर. चाळीस वर्षांच्या कामातून त्यांना मोकळे केले याचे मला बरे वाटले.

लोक इतके खूश मी प्रथमच पाहिले. तोलून झाले की पोत्यात उरलेले भात पाहून हसतात. कुशाबा पोते उचलून म्हणाले, "बाई, घरी न्यायला येवडं उरलं! दर साली मोकळंच पोतं झटकत जातू." नथूने तर देणे नसताना पोते दोनदा तोलून घेतले, गंमत म्हणून. अचूक माप आले की माणसांना न्याय मिळतो आणि न्याय मिळाला की माणसे हसतात. सुधारणेला खेडूत विरोध करतात असे कोण म्हणते?

२८ नोव्हेंबर

पूर्ण! सातशे वीस किलो गेले, सातशे वीस किलो आले. नेणाऱ्या घरांपैकी एकाचीही थकबाकी नाही. हा तक्ता पाहून मुंबईत खुर्च्या सरकतील.

१० डिसेंबर

हे लिहायला लाज वाटते.

मुंबईला जाण्याआधी शेवटची नोंद म्हणून कणगी पुन्हा तोलली. दिवसभर लागला. सहाशे बासष्ट किलो. अठ्ठावन्न किलो नाहीत.

चोरी, हा पहिला विचार. दुसरा विचार सगुणाबाई, कारण किल्ली त्यांच्याकडे. तिसरा पारू, कारण ती गेल्या आठवड्यात दोनदा खोलीपाशी दिसली. तीन विचारांना मिळून एक मिनिटही लागले नसेल. मी दारात उभी राहून सगुणाबाईंना विचारले, "कोण नेते?"

त्यांनी कणगीतून चिमूटभर भात काढून माझ्या हातावर ठेवले. "चावा."

दाणा कट्‌कन मोडला.

"त्या दिशी चावला आसता तर दबला आसता. पानी गेलं, बाई. दर साली जातंया."

"मग दर साली कणगी पुरते कशी?"

 त्यांनी पालथी पायली घेतली आणि भरली. काठापर्यंत आल्यावर थांबल्या नाहीत. एका हाताने आधार देत वर ओतत गेल्या, दाणे घरंगळायला लागेपर्यंत. पायलीवर भाताचे शिखर.

"देताना सपाट," त्या म्हणाल्या. "घेताना शीग."

"तुम्ही मला पायलीला पायली म्हणाला होता!"

"मंग? ही पायलीच हाय की."

११ डिसेंबर

सकाळपासून शीग तोलते आहे. दोनशे ऐंशी ग्रॅम. आठ शिगांची एक पायली. व्याज आठात एक! सात महिने मी दराशेजारी बसले होते. डोळे उघडे ठेवून.

वाळणे, उंदीर, सांडलवंड यांत शिगेतले बहुतेक जाते. राहते ते लहान कणगीत. ते आखाडात डोंगरावर. मुख्य व्यवहाराशी संबंध नाही, असे मी लिहिले होते.

पण थांबा. यापुढचे आणखी मोठे आहे. मी विचारले, दर साली शीग एवढीच?

"पीक बघून. बरं आलं तर उभी. डुकरांनी खाल्लं, रोग पडला, तर जरा हात फिरवायचा. लईच वंगाळ साल आसलं तर सपाट."

"हे आधी सांगता?"

"आधी कसं सांगनार? पीक यायचं आसतंया."

मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. त्यांना वाटले बरे नाही मला. जगातली प्रत्येक बँक दर आधी ठरवते आणि पीक नंतर येते. मग कर्जदार बुडतो. ही बाई दर नंतर ठरवते, प्रत्येक खाचराचा वेगळा, तळहाताने. धोका कर्जदारावर न टाकणारी बँक! शून्य व्याजाचा माझा निबंध याच्यापुढे शाळकरी आहे. आणि चुकीचा आहे. आणि त्याच चुकीच्या निबंधापायी मी भिंतीवर कागद लावला, आणि कणगी सव्वीस पायल्यांनी खचवली. लहान कणगी रिकामी आहे. आखाडात डोंगरावर द्यायला एक दाणा नाही, आणि मेमध्ये सात-आठ घरांना बी कमी पडणार.

१३ डिसेंबर

कागद फाडला. कुशाबांना शीग मागितली.

"आता कशी? तुमीच लिवलंतया, जास्त न्हाई."

"मी चुकले."

"ब्यांकवालं बी चुकत्यात?" ते खरेच चकित झाले. "मंग कितीची शीग?"

मी, शहाणी, आकडा सांगितला. दोनशे ऐंशी ग्रॅम. आठात एक.

"आठात एक! ह्यो तर सावकार झाला की!"

दुपारपर्यंत वाडीभर. सगुणाबाई मला म्हणाल्या, "चाळीस वर्सं देत आली मानसं. जड झालं न्हाई. आकडा आयकला आन जड झालं." रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या.

पगारातून सव्वीस पायल्या विकत आणून टाकू का, असे विचारले. म्हणाल्या, "औंदा तुमी भराल. फुडल्या साली कोन भरनार?" मी नोटा छापायला निघाले होते, आणि तेही त्यांनीच थांबवले.

पौडला जाऊन मुंबईला तार केली. निबंध मागे घेते, एकोणीसला येत नाही. जागेचे काय होईल ते कळते आहे. तार करणाऱ्या बाबूने विचारले, "वाईट बातमी?" मी नाही म्हटले. खोटे बोलले नाही असे वाटते.

१७ डिसेंबर

आज दुपारी देवळाच्या खोलीत सगळी वाडी. इतकी गर्दी की कुशाबा कणगीला पाठ लावून उभे. मी माझी चूक सांगितली. काट्याच्या एका ताटलीत शीग ठेवून दाखवली. मग जे सुरू झाले ते मी कुठल्याही परिषदेत ऐकलेले नाही.

नथू म्हणाला, ज्याचं खाचर ओढ्याला लागून, त्याची शीग मोठी हवी. ओढ्याकाठचे उठले. कुशाबा म्हणाले, सोळात एक पुरे. सगुणाबाईंनी विचारले, उंदरांना सांगशील का तू? कोणी म्हणाले, काकी आजवर ठरवत आली, तिलाच ठरवू द्या, आकडा नको. आणि मी जोरात म्हणाले, होय! अगदी बरोबर! नियम आंधळा असतो, हात मात्र पाहून चालतो. सहा दिवसांपूर्वी मला सापडलेले सत्य मी टाळीसारखे वाजवत होते.

दाराबाहेरून आवाज आला. "मी बोलू का?"

पारू. वळचणीखाली उभी होती. धाकलू मागे.

"बोल," कुशाबा म्हणाले.

"आकडा पायजे. लिवा."

"तुजं काय जातंय गं?" सगुणाबाई म्हणाल्या. "तुला कवा मोकळी धाडलीया?"

"न्हाई धाडली. पर बसिवलंया. दर आखाडात. कवा सकाळधरनं, कवा दोन दीस. तुजी मर्जी हुईस्तवर." पारूचा आवाज चढला नाही. "तू द्येतीस, न्हाई कोन म्हंतंय. पर तू मेलीस की दुसरी बसंल हितं. तिची मर्जी कशी, आमी काय सांगावं? लिवलं म्हंजी मागता येतंया."

 माझ्या जुलैच्या नोंदीत संयम आणि विश्वास असे दोन शब्द आहेत. मी ते मनात वाचले आणि मनातच खोडले.

 सगुणाबाई म्हणाल्या, "आन लईच वंगाळ साल आलं, शीग सपाट झाली, तर हिला कुटनं द्यायचं?"

"तवाच लागतंया की आमाला," पारू म्हणाली.

इथून पुन्हा दीड तास. मी मध्ये बोलले नाही. फक्त त्यांनी विचारले तेव्हा गुणाकार केले. शेवटी ठरले ते असे: बरे साल, आठात एक. वाईट साल, सोळात एक. त्याखाली जायचे नाही. साल बरे की वाईट, खाचर कुणाचे बुडाले, हे सगुणाबाई ठरवणार, पण सगळ्यांसमोर. डोंगरावरच्या सहा घरांना आखाडात दोन-दोन पायल्या, आधी त्या बाजूला काढायच्या, मग उंदीर. यंदाची राहिलेली शीग तीन दिवसांत. कुशाबा कुरकुरत सर्वांत आधी उठले आणि पोते घेऊन आले. तोलू का, विचारले तर म्हणाले, "तोला, तोला. आता म्या बी बघनार."

हात आणि आकडा दोन्ही! मी हे कुठे वाचले नाही. उद्या सरांना लिहीन, नवा निबंध, पहिल्यापासून. छापतील की नाही देव जाणे. 

चुना कालवून खोलीच्या भिंतीवर चारही ओळी मी लिहिल्या, कागद जिथे होता तिथेच, मोठ्या. कुशाबांनी वाचून दाखवल्या. पारूने बाहेरूनच मान लांब करून पाहिले.

"आमची वळ कंची?"

"शेवटची. ये, आत येऊन बघ ना."

 कुशाबा पोत्याचे तोंड बांधू लागले. सगुणाबाई काट्याकडे वळल्या.

"भायेर लिवा, बाई," पारू म्हणाली. "आमी आत येत न्हाई."

चुन्याची वाटी घेऊन मी बाहेर गेले. धाकलूने भिंत हाताने झाडून दिली.